सिलिंडरवर तपासणीची तारीख असते, व्हॉल्व्हवर का नाही?

मोठी पोस्ट आहे, आधीच सांगतो. मानखुर्द, गोवंडी, चेंबूर, माहुल, ट्रॉम्बेकडच्यांनी शेवटपर्यंत वाचा. डोंबिवली, तारापूर, महाडवाल्यांनीही वाचायला हरकत नाही, तुमच्याकडे फक्त कंपन्यांची नावं वेगळी आहेत.

एक काम करा. स्वयंपाकघरात जाऊन गॅसचा सिलिंडर बघा. वरच्या कड्याला धरून ठेवणाऱ्या तीन उभ्या पट्ट्या असतात. त्यातल्या एकीवर आतल्या बाजूने एक अक्षर आणि दोन आकडे रंगवलेले दिसतील. ए, बी, सी, डी म्हणजे वर्षातली तिमाही, पुढचे आकडे म्हणजे साल. तिथवर तो सिलिंडर चालवायचा, नंतर पुन्हा तपासणी. १४.२ किलो गॅससाठी एवढी काळजी, आणि तीही तुम्हाला आम्हाला वाचता येईल अशा जागी. चांगली गोष्ट आहे. तारीख उलटून गेली असेल तर सिलिंडर परत करायचा हक्क आपल्याला आहे.

आता खिडकीतून नैऋत्येला बघा. घरात सिलिंडर पाठवणाऱ्या कंपन्यांपैकी दोघींच्या रिफायनऱ्या तिकडे माहुलला आहेत. एकीची सुरुवात १९५४ साली स्टँडर्ड-व्हॅक्यूमच्या नावाने झाली, दुसरीची १९५५ साली बर्मा शेलच्या. शेजारी आरसीएफचा खत कारखाना, त्यात अमोनिया. मग टाक्या, पाइपलाइनी, जेट्टी, टँकरच्या रांगा. पावसाळ्यात वारा नैऋत्येकडून येतो, म्हणजे तिकडचं जे काही असेल ते आमच्याकडे. इथे किती माल साठवलेला आहे ते किलोत मोजत नाहीत, टनात मोजतात. आणि तो माल नको तिथे जाऊ नये म्हणून जे व्हॉल्व्ह ऐन वेळी बंद व्हायला हवेत, ते शेवटचे कधी बंद करून बघितले होते?

ही तारीख मानखुर्दच्या एकाही माणसाला माहीत नाही. नगरसेवकाला नाही, आमदाराला नाही, रिक्षा स्टँडवर जगातलं सगळं माहीत असणाऱ्यांनाही नाही. माझं भांडण एवढ्याच गोष्टीवर आहे.

मी पेशाने इन्स्ट्रुमेंटवाला. बरीच वर्षं हेच केलं, प्लँटमधल्या मीटरांची, व्हॉल्व्हची, पॅनलची कामं. त्यामुळे हा व्हॉल्व्ह काय प्रकार असतो ते आधी सोप्या भाषेत सांगतो, मग भांडतो.

मोठ्या शटडाऊन व्हॉल्व्हच्या डोक्यावर एक जाडजूड नळकांडं असतं, त्याला ॲक्च्युएटर म्हणतात. त्यात एका बाजूला दणकट स्प्रिंग, दुसऱ्या बाजूला हवेचा दाब. हवा आत आहे तोवर व्हॉल्व्ह उघडा. हवा सुटली की स्प्रिंग त्याला बंद करते. आता ही हवा आत ठेवायची की सोडून द्यायची, हे ठरवतो सोलेनॉइड. मुठीएवढी वस्तू, आत तांब्याच्या तारेची कॉइल. कॉइलला २४ व्होल्ट मिळत राहिले तर हवा आत. वीज तुटली की हवा बाहेर, व्हॉल्व्ह बंद.

गंमत इथे आहे. व्हॉल्व्ह बंद करायला वीज लागत नाही, उघडा ठेवायला लागते. वायर उंदराने कुरतडली, फ्यूज उडाला, कॉइल जळली, पॅनलची वीज गेली, हवेचा कॉम्प्रेसर बसला, काहीही होवो, उत्तर एकच: बंद. बिघाड झाला तर तो सुरक्षित बाजूला व्हावा, अशी ही जोडणी. (सगळेच व्हॉल्व्ह बंद व्हायचे नसतात. थंड पाण्याचा किंवा दाब फ्लेअरकडे सोडणारा व्हॉल्व्ह बिघाडात उघडा पडला पाहिजे. तत्त्व तेच.)

हार्बर लाइनवाल्यांना हे वेगळं समजावायला नको. गाडीचा ब्रेक पाइप फाटला तर ब्रेक सुटत नाही, लागतो. मोटरमनने हँडलवरचा दाब काढला तर गाडी पळत सुटत नाही, थांबते. रेल्वेने ही अक्कल शंभर वर्षांपूर्वीच कमावली. म्हणून आपण मानखुर्दहून सीएसएमटीला बिनघोर जातो.

मग अडतं कुठे? अडतं पैशापाशी. अशा जोडणीत एक सैल टर्मिनल सुद्धा अख्खा प्लँट बसवतं. मोठा प्लँट एकदा बसला की पुन्हा रुळावर यायला तास नाही, दिवस जातात. उत्पादन बुडतं, वरून फोन येतात, शिफ्ट इंचार्जची झोप उडते. मग पॅनलमागे कोणीतरी जातं आणि दोन टर्मिनलमध्ये वीतभर वायरचा तुकडा लावतं. त्याला म्हणतात जंपर. आता ट्रिपचा हुकूम आला तरी कॉइलची वीज तुटत नाही. प्लँट शांत चालतो. सगळे खूश.

जंपर लावायला बंदी नाही, हे प्रामाणिकपणे सांगतो. दुरुस्तीसाठी लावावा लागतो. त्याला परवानगी, सही, मुदत आणि तोवर दुसरी सोय, एवढं पाहिजे. पण मी एका प्लँटमध्ये (नाव घेत नाही) जंपरला बांधलेली ‘तात्पुरते’ अशी चिठ्ठी पाहिली आहे, तिच्यावरची तारीख तीन दिवाळ्या जुनी होती. शाई उडत चालली होती. ज्याची सही होती तो साहेब बदली होऊन गेला होता. नव्या साहेबाच्या लेखी ती वायर मूळ डिझाइनमधलीच.

आणि हे झालं दिसणारं. न दिसणारं जास्त वाईट. यावर थोडं खोलात जातो, कारण ‘फेल सेफ’ हा शब्द प्रत्येक साहेबाच्या तोंडी असतो आणि त्याने सभेतली माणसं गप्प बसतात.

आपल्याकडची खारी हवा आणि पाऊस. ग्लँड नीट आवळलं नाही की जंक्शन बॉक्समध्ये पाणी शिरतं. उघडून बघा, टर्मिनलवर हिरवा कळंक चढलेला असतो. आता समजा पॉवर सप्लायची कुठलीच बाजू जमिनीला जोडलेली नाही. एका ठिकाणी प्लस वायर अर्थ झाली. काहीच होत नाही, फ्यूजही उडत नाही. कोणाला पत्ता नाही. मग पुढच्या पावसाळ्यात ट्रिपच्या कॉन्टॅक्टच्या पलीकडे, कॉइलकडे जाणारी वायर अर्थ झाली. आता वीज कॉन्टॅक्टला वळसा घालून जमिनीतून कॉइलपर्यंत पोचते. कंट्रोल रूममध्ये बटण दाबलं, कॉन्टॅक्ट उघडला, आणि कॉइल ढिम्म! व्हॉल्व्ह उघडाच. दोन्ही बिघाड लहान, दोन्ही मिळून ‘फेल सेफ’ची वाट लावतात. यावर उपाय जुना आहे आणि महाग नाही: मायनस बाजू अर्थ करा म्हणजे पहिल्याच बिघाडाला फ्यूज उडेल, नाहीतर अर्थ फॉल्ट दाखवणारं यंत्र बसवा आणि त्याचा अलार्म वाजला की खरंच कोणालातरी पाठवा.

दुसरा प्रकार. हल्ली वीज वाचवणारे, अगदी कमी वॅटचे सोलेनॉइड येतात. पण ज्या कार्डवरून त्यांना वीज मिळते, ते कार्ड ‘बंद’ असतानाही किंचित करंट सोडतं. जुन्या जाड कॉइलला त्याचं काही वाटत नसे. नव्या नाजूक कॉइलला तेवढा करंट चिकटून राहायला पुरू शकतो. खरेदी विभागाने कोटेशन बघून कॉइल बदलली, कार्ड तेच राहिलं, दोघांचं जमतं का हे कोणी तपासलंच नाही. असं होतं.

तिसरा ऐकून हसाल. सोलेनॉइडची हवा बाहेर पडायचं एक छोटं भोक असतं. त्यात कुंभारमाशी मातीचं घर करते. वीज तुटली, सोलेनॉइड हलला, पण हवेला बाहेर जायला वाट नाही. स्प्रिंग बिचारी ताटकळत बसते. म्हणून त्या भोकावर जाळी बसवतात. आणि रंगारी ती जाळी रंगवून बुजवतो!

या तिन्ही गोष्टी कागदावर सापडत नाहीत. ड्रॉइंग बरोबर, सर्टिफिकेट बरोबर, स्क्रीनवर सगळं हिरवं. सापडतात फक्त एका मार्गाने: व्हॉल्व्ह प्रत्यक्ष ट्रिप करून बघायचा, पूर्ण बंद होतो का, किती सेकंदात होतो, आणि ते लिहून ठेवायचं.

हे पुस्तकी वाटत असेल तर अमेरिकेतला दाखला घ्या. २० एप्रिल २०१०, मेक्सिकोच्या आखातातली डीपवॉटर होरायझन रिग. स्फोट झाला, ११ माणसं गेली, ८७ दिवस तेल समुद्रात वाहत होतं. विहिरीच्या तोंडावर समुद्रतळाशी एक अवाढव्य यंत्र होतं. रिगशी संपर्क तुटला तर त्याने आपोआप पाती चालवून पाइप कापायचा आणि विहीर बंद करायची. इथे उलटं होतं, बंद करायला वीज लागायची, म्हणून बॅटऱ्या. एकाला दोन असे दोन कंट्रोल संच, पिवळा आणि निळा. खर्चात काटकसर म्हणाल तर अजिबात नाही.

अमेरिकेच्या केमिकल सेफ्टी बोर्डाने २०१४ मध्ये जे सांगितलं ते वाचून आमच्यासारख्या वायरी जोडणाऱ्याला घाम फुटतो. निळ्या संचात चुकीच्या वायरिंगमुळे मुख्य बॅटरी उतरून गेली होती. तो संच कामातून गेला. पिवळ्या संचात एका सोलेनॉइडला दोन कॉइल होत्या, एक गेली तर दुसरी असावी म्हणून. त्यातल्या एकीच्या वायरी उलट जोडलेल्या होत्या. दोन्हींना वीज मिळाली असती तर दोघींचं चुंबकत्व एकमेकांना मारून टाकणार आणि सोलेनॉइड हलणार नाही. पण त्याच संचातली एक छोटी बॅटरी उतरलेली होती, त्यामुळे एकाच कॉइलला वीज मिळाली आणि सोलेनॉइड चालला. म्हणजे एक चूक दुसऱ्या चुकीमुळे झाकली गेली! पुढे पाइपच वाकलेला असल्याने पात्यांनी तो नीट कापला नाही, ती वेगळी कथा.

इतकी महागडी रिग, जगातली नावाजलेली कंपनी, आणि दोन वायरी उलट. दोन्ही कॉइल एकेक करून तपासल्या असत्या तर ही चूक समुद्रात उतरण्याआधी सापडली असती. पाच मिनिटांचं काम. त्यामुळे आमच्याकडचा कोणी साहेब ‘आमची सिस्टीम जागतिक दर्जाची आहे’ म्हणाला की मी म्हणतो, असेल, तारीख सांगा.

आपल्याच देशातलं सांगतो. जयपूरजवळ सीतापुऱ्यात इंडियन ऑइलचा डेपो, २९ ऑक्टोबर २००९. पेट्रोलच्या टाकीच्या लाइनवर गळती सुरू झाली, तासाहून जास्त वेळ पेट्रोल उसळत राहिलं, वाफेचा ढग पसरला, मग भडका. ११ मृत्यू. चौकशीसाठी एम. बी. लाल समिती बसली. समितीच्या अहवालात एक गोष्ट आहे जी मला कायम छळते: टाकीचा व्हॉल्व्ह दूर उभं राहून बटणाने बंद करायची सोय तिथे मुळात होती. ती आधी बंद पडली, आणि मग काढून टाकली. सोय नव्हती असं नाही हो, होती! बंद पडलेली वस्तू दुरुस्त करण्यापेक्षा काढणं सोपं गेलं. ती बंद पडली त्या दिवशी डेपोच्या गेटवर पाटी लागली असती, ‘दूरून बंद करण्याची सोय: नादुरुस्त’, तर आसपासच्या कारखान्यांतली माणसं गप्प बसली असती का?

विशाखापट्टणमला ७ मे २०२० च्या पहाटे एलजी पॉलिमर्समधून स्टायरीन सुटलं. सायरन वाजवायची सोय ३६ ठिकाणी होती, गेटवर सुद्धा. वाजला नाही. लोक झोपेतून उठून रस्त्यात पडले.

आणि घराजवळ? ८ ऑगस्ट २०१८ च्या दुपारी माहुलला बीपीसीएलच्या हायड्रोक्रॅकर युनिटमध्ये स्फोट झाला, चाळीसहून अधिक कामगार जखमी झाले. त्याचा चौकशी अहवाल माहुल गावात, एव्हरस्माइलच्या इमारतींत, विष्णूनगरात कोणाच्या घरी आला का? १९ सप्टेंबर २०१९ च्या रात्री चेंबूरपासून पवईपर्यंत गॅसचा वास आला, ६ जून २०२० च्या रात्री पुन्हा आला. अग्निशमनच्या गाड्या फिरल्या. लोक खिडक्या लावून, तोंडाला ओला रुमाल धरून बसले. सकाळी वास गेला, विषय संपला. २०१५ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने माहुल-आंबापाड्याच्या हवेवर ताशेरे ओढले, २०२० मध्ये चार कंपन्यांना मिळून २८६ कोटींची भरपाई ठोठावली. ते प्रकरण रोजच्या हवेचं, हळूहळू मारणाऱ्या वाफांचं. मी बोलतोय ते एका झटक्यात होणाऱ्या गोष्टीबद्दल.

स्पष्ट करतो, म्हणजे कमेंटमध्ये वाद नको. माहुलच्या कुठल्या कंपनीत जंपर लावून ठेवलेत असं मी म्हणत नाहीये. नाहीत, हे त्यांनी दाखवावं असं म्हणतोय. पुरावा देण्याची जबाबदारी टाकीवाल्याची, टाकीशेजारी झोपणाऱ्याची नाही.

‘नवीन कायदा आणायला लागेल’ असं कोणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. भोपाळनंतर १९८७ साली कारखाना कायद्यात कलम ४१-ब घातलं. धोकादायक कारखान्याने धोक्यांची आणि त्यावरच्या उपायांची माहिती कामगारांना, मुख्य निरीक्षकाला, स्थानिक प्राधिकरणाला आणि आसपासच्या जनतेलाही द्यायची, असं त्यात होतं. १९८९ च्या घातक रसायनांच्या नियमांत नियम १५ आहे: मोठा अपघात झाला तर ज्यांना झळ पोचेल त्या कारखान्याबाहेरच्या लोकांना आधीच माहिती द्यायची. मला या भागात इतकी वर्षं झाली, दारात पत्रक आलं ते ट्यूशन क्लासचं, कर्जाचं आणि वाढदिवसाच्या शुभेच्छांचं.

शिवाय पाटी आधीच आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या २००३ च्या आदेशामुळे घातक रसायनं वापरणाऱ्या कारखान्यांच्या गेटवर फलक लागतात. कोणतं रसायन, किती, सांडपाणी किती, हवेत काय सोडतो. त्याच फलकावर तीन ओळी वाढवा. आपत्कालीन शटडाऊन व्हॉल्व्ह एकूण किती. त्यातले ठरलेल्या मुदतीत ट्रिप करून तपासलेले किती, मुदत उलटलेले किती. आणि आज बायपासवर असलेले किती. रंगाचा डबा आणि ब्रश, एवढाच खर्च.

यावर उत्तरं काय येतील ते पाठ आहे. पहिलं, सुरक्षेचा प्रश्न, शेजारी बीएआरसी, घातपात होईल. अहो, आम्ही ड्रॉइंग मागत नाही, व्हॉल्व्ह कुठे आहे तेही विचारत नाही. आकडे मागतोय. ‘दोनशेपैकी बारांची मुदत उलटली’ हे वाचून घातपाती काय करणार? पण हे रोज गेटमधून आत जाताना वाचणारा प्लँट मॅनेजर त्या बारांचं काहीतरी करील.

दुसरं, लोक घाबरतील. लोक आत्ताच घाबरलेले आहेत. वास आला की पोरं उचलून हायवेकडे पळायचं की दारं लावून घरात बसायचं, हेसुद्धा लल्लूभाई कंपाऊंडमध्ये कोणाला सांगितलेलं नाही. तिथली आठ मजली बिल्डिंग रिकामी करायला किती वेळ लागतो ते एकदा लिफ्ट बंद असताना चढून बघा.

तिसरं, सगळ्यात लाडकं: सामान्य माणसाला यातलं काय कळतं. रिक्षाच्या पासिंगची तारीख कळते, औषधाच्या पट्टीवरची कळते, सिलिंडरवरचा ‘बी’ कळतो. आणि एक विसरू नका साहेब, तुमच्या जंक्शन बॉक्समधल्या त्या वायरी जोडतो कोण? याच वस्तीतली आयटीआय झालेली पोरं. ठेकेदाराच्या ठेकेदाराकडे, टर्मिनेशनच्या भावाने. फेरुल वाचतात, मेगर लावतात, भर पावसात शिडीवर उभं राहून ग्लँड आवळतात. वायर जोडताना त्यांना कळतं, आणि पाटी वाचताना कळणार नाही? काही बिनसलं की ‘मानवी चूक’ म्हणून बोट त्यांच्याकडेच जातं. जंपर काढायचा अधिकार मात्र त्यांना कधीच नसतो.

दर ४ मार्चला सुरक्षा दिन येतो. कमानी, शपथ, घोषवाक्य स्पर्धा, टोप्या घालून फोटो. मॉक ड्रिलही होते, नियमाप्रमाणे सहा महिन्यांतून एकदा, कारखान्याच्या भिंतीच्या आत. भिंतीबाहेरची तालीम वर्षातून एकदा व्हायला हवी, ती जिल्हाधिकाऱ्यांची जबाबदारी. मानखुर्द स्टेशनच्या पुलावर, मंडाळ्यात, महाराष्ट्र नगरात ती कोणी बघितली असेल तर कमेंटमध्ये साल लिहा, मी जाहीर सत्कार करतो.

आता करायचं काय. औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालय, कामगार भवन, वांद्रे-कुर्ला संकुल, इथे माहिती अधिकाराचा अर्ज टाका. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टँप. महाराष्ट्रात अर्ज १५० शब्दांत आणि एकाच विषयावर लागतो, म्हणून पाल्हाळ नको, माझ्यासारखं तर अजिबात नको. एका अर्जात एकच कारखाना. विचारा: या कारखान्यातल्या आपत्कालीन शटडाऊन व्हॉल्व्हच्या प्रत्यक्ष चाचणीची मुदत किती, मागच्या तपासणीत निरीक्षकाने तिच्या नोंदी पाहिल्या का, मुदत उलटलेल्यांची आणि बायपासवर असलेल्यांची संख्या किती. सरकारी कंपनी असेल तर तोच अर्ज थेट कंपनीच्या माहिती अधिकाऱ्यालाही करता येतो. ‘व्यापारी गुपित’ म्हणून नाकारलं तर अपिलात लिहा की कलम ८(१)(ड) मध्येच व्यापक जनहिताचा अपवाद आहे. दुसरा अर्ज मुंबई उपनगरच्या जिल्हाधिकाऱ्यांकडे: कारखान्याबाहेरची तालीम शेवटची कधी आणि कुठे झाली.

अर्जाचा मजकूर पहिल्या कमेंटमध्ये टाकतोय. कॉपी करा, कारखान्याचं नाव आणि स्वतःचा पत्ता घाला. मी माझे तीन अर्ज सोमवारी टाकतोय. तीस दिवसांत जे उत्तर येईल, ते जसंच्या तसं इथेच लावीन, ‘माहिती उपलब्ध नाही’ आलं तरी.